शाळेला हरकत नाही, गेट कुठे ते सांगा

नव्या माध्यमिक शाळेचा प्रस्ताव आला की परिसरात दोन तट पडायला आठवडाही लागत नाही. एका बाजूला शाळेत जायच्या वयाच्या मुलांचे आईवडील, दुसऱ्या बाजूला त्या मोकळ्या जागेला लागून राहणारे. पहिले दुसऱ्यांना आपमतलबी म्हणतात. दुसरे म्हणतात, तुम्ही राहता कुठे आणि बोलता कुठे! सभेत आवाज चढतात. आणि ज्यावरून एवढं रण माजतं तो प्रश्न, शाळा हवी की नको, बहुतेक वेळा आधीच कुठल्यातरी कार्यालयात निकालात निघालेला असतो. मुलं मोजून झालेली असतात, जागाही मुक्रर झालेली असते. ठरायचं राहिलेलं असतं ते निराळंच. गेट कोणत्या रस्त्यावर उघडणार, शाळा किती वाजता सुटणार, मैदानावरचे दिवे कधी विझणार, पावसाचं पाणी कुणाच्या अंगणात जाणार. शेजाऱ्यांची पुढची तीस वर्षं कशी जातील ते या गोष्टींवर अवलंबून असतं, आणि सभेत त्यांच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं येतात.

म्हणून या लेखात शाळेच्या बाजूने किंवा विरोधात काही नाही. रहिवाशांच्या कोणत्या शंकेत किती तथ्य असतं आणि ती नेमकी कशी विचारायची, एवढंच आहे.

माध्यमिकच का नकोशी होते?

प्राथमिक शाळा येणार म्हटल्यावर एवढा गदारोळ सहसा होत नाही. क्लॅरन्स पेरी या अमेरिकी नियोजकाने १९२९ साली न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी आदर्श वस्तीची कल्पना मांडली. मधोमध प्राथमिक शाळा, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, आणि शाळेत जाताना कुठल्याही मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. वस्ती केवढी? एक प्राथमिक शाळा भरेल एवढी, साधारण ५,००० ते ९,००० लोकांची. जगभरच्या नगररचनेवर या कल्पनेची छाप आजही दिसते.

माध्यमिक शाळा या चौकटीत बसत नाही. तिला विषयवार शिक्षक लागतात, प्रयोगशाळा लागतात, मोठं मैदान लागतं. हा पसारा परवडायला मुलंही भरपूर लागतात, आणि तेवढी मुलं एका वस्तीत नसतात. चार-सहा वस्त्यांतून ती एका ठिकाणी येतात. म्हणजे फायदा चार-सहा वस्त्यांत वाटला जातो आणि त्रास एका गल्लीत साठतो. हे लक्षात घेतलं की शेजाऱ्यांना आपमतलबी म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

सकाळचा आकडा दाखवतात, दुपारचा विचारा

सगळ्यात मोठी आणि माझ्या मते सगळ्यात खरी तक्रार वाहतुकीची. पण ती मांडताना लोक म्हणतात, "रस्त्यावर मुंगी शिरायला जागा राहणार नाही." समोरचा सल्लागार शांतपणे तक्ता उघडतो आणि रस्त्याची क्षमता अजून किती शिल्लक आहे ते दाखवतो. तिथे वाद संपतो, कारण तक्रारीत आकडा नसतो.

आकडा काढणं अवघड नाही. समजा शाळेत १,००० मुलं आहेत. त्यातली २५० घरच्या गाडीतून येतात. भावंडं किंवा मित्र एकत्र येतात म्हणून गाड्या धरू २००. (हे उदाहरणापुरते आकडे, तुमच्याकडचे तुम्ही मोजायचे.) सकाळी या गाड्या अर्ध्या तासात येतात, म्हणजे मिनिटाला साधारण सात. गाडी थांबते, दार उघडतं, दप्तर ओढलं जातं, डबा विसरला म्हणून एक हाक, गाडी निघते. धरा एक मिनिट. मग एका वेळी गेटसमोर उभ्या गाड्या किती? सातच. एका गाडीला सहा मीटर जागा धरली तर बेचाळीस मीटर.

आता दुपार. गाड्या त्याच २००. पण घ्यायला येणारा माणूस घंटेच्या आधी येतो. लवकर आलं की सावलीतली जागा मिळते हे एकाला कळतं, मग दुसऱ्याला, आणि महिन्याभरात सगळेच लवकर येऊ लागतात. प्रत्येक गाडी सरासरी पंधरा मिनिटं उभी राहिली तर एका वेळी शंभर गाड्या. म्हणजे सहाशे मीटरची रांग, आणि तीही सगळे शिस्तीत एकामागे एक उभे राहिले तर.

मुलं तीच, गाड्या त्याच, बदलला तो फक्त थांबण्याचा वेळ. येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा वेळ म्हणजे एका वेळची गर्दी, हा रांगांचा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध करून दाखवला. त्यामुळे 'किती गाड्या येणार' या प्रश्नाइतकाच 'त्या किती वेळ उभ्या राहणार' हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तो क्वचितच कुणी विचारतं. आणखी एक मेख आहे. वाहतुकीचे अहवाल बऱ्याचदा सकाळ आणि संध्याकाळच्या ऑफिसच्या गर्दीचा तास धरून केलेले असतात. शाळा दुपारी सुटत असेल तर सगळ्यात वाईट अर्धा तास अहवालात येतच नाही. कुणी लबाडी केली असंही नसतं, मोजणीची पद्धतच तशी पडलेली असते. म्हणून दुपारच्या अर्ध्या तासाचा वेगळा तक्ता मागायचा.

मग गेट कुठे असावं? मोठ्या रस्त्यावर ठेवलं तर थांबणाऱ्या गाड्या मुख्य वाहतूक अडवतात म्हणून अभियंते नाक मुरडतात. गल्लीत ठेवलं तर गल्लीचा श्वास कोंडतो. शाळेच्या आवारातच गाड्यांसाठी वळसा दिला तर रांग आत राहते खरी, पण मैदान खाते आणि गाडी आणण्याची सोय झाली म्हणून गाड्याही वाढतात. मला त्यातल्या त्यात बरा वाटतो तो दोन गेटांचा मार्ग: वाहनांचं मोठ्या रस्त्याकडे, चालत आणि सायकलने येणाऱ्यांचं वस्तीच्या बाजूला. पण यातही खाचखळगे आहेत. जिथे पायी गेट उघडतं तिथे आईवडिलांच्या गाड्या मुंग्यांसारख्या माग काढत येतात, कारण पोराला दोनशे पावलं कमी चालावं लागतं. त्या गल्लीत थांबायला मनाई नसेल आणि ती मनाई राबवणारं कुणी नसेल तर नकाशावरचं पायी गेट वर्षभरात गाड्यांचं गेट झालेलं असतं.

यावर एक उपाय काही शहरांनी करून पाहिला आहे. इटलीतल्या बोल्झानो शहराने १९८९ मध्ये शाळा भरताना आणि सुटताना शाळेसमोरचा रस्ता थोडा वेळ वाहनांना बंद ठेवायला सुरुवात केली. लंडनमध्ये २०२० नंतर असे शेकडो रस्ते झाले. रहिवाशांच्या गाड्यांना सूट असते, बाकीच्यांना त्या वेळात प्रवेश नाही. गेटसमोर याने खरोखर मोकळं होतं. मात्र थोड्या गाड्या पुढच्या गल्लीत सरकतात, तेव्हा पुढच्या गल्लीतल्या लोकांना आधी विचारलेलं बरं.

माध्यमिक शाळेची एक जमेची बाजू या वादात कायम विसरली जाते. ही मुलं बारा-चौदा वर्षांची असतात. नीट पदपथ, सायकल ठेवायला जागा आणि एका धोकादायक चौकात सिग्नल मिळाला तर यातली बरीचशी आपली आपण येऊ शकतात. २०० गाड्यांच्या १२० झाल्या तर वरचं सगळं गणित त्याच प्रमाणात खाली येतं. म्हणून चौकातला सिग्नल आणि पदपथ शाळा सुरू होण्याआधी तयार हवा. गाडीने यायची सवय एकदा लागली की मग पदपथ बांधून ती सुटत नाही.

वेळेचा मुद्दाही इथेच येतो. शाळा ऑफिसच्या गर्दीआधी, अगदी सकाळी भरवा, असं रहिवासी सुचवतात. वाहतुकीच्या दृष्टीने ते ठीकच आहे. पण किशोरवयात झोपेचं चक्र पुढे सरकतं, मुलांना रात्री उशिरा झोप येते आणि सकाळी जाग येत नाही, हा आळस नसून शरीराचाच भाग आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाने कायदाच केला, तिथल्या हायस्कुलांना २०२२ पासून साधारणपणे साडेआठच्या आधी तास सुरू करता येत नाहीत. त्यामुळे भरण्याची वेळ अलीकडे ओढण्यापेक्षा सुटण्याची वेळ इयत्तेनुसार दोन-तीन टप्प्यांत विभागा, ही मागणी जास्त न्याय्य आहे. दुपारच्या शंभर गाड्यांचं दुखणंही त्यानेच कमी होतं.

आवाज

इथे लोकांचा अंदाज बहुधा चुकतो, आणि दोन्ही दिशांनी चुकतो. शंभर मुलांऐवजी हजार मुलं ओरडली तर आवाज दहापट वाटेल अशी भीती असते. डेसिबलची मोजपट्टी तशी चालत नाही. आवाजाचे स्रोत दुप्पट झाले की ३ डेसिबल वाढतात, दहापट झाले की १०, आणि १० डेसिबलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. आवाज कमी करायला खरा उपयोग अंतराचा होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की एका ठिकाणाहून येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. बास्केटबॉलचं मैदान घरांपासून १० मीटरवर आखलेलं असेल आणि ते ४० मीटरवर नेलं, तर १२ डेसिबल कमी. म्हणजे आवाज निम्म्याहूनही कमी वाटेल, तोही नकाशावर एक चौकोन सरकवून. त्यासाठी कागद पक्का व्हायच्या आत बोलावं लागतं, एवढंच.

सादरीकरणातल्या चित्रात कुंपणाला हिरवीगार झाडांची रांग असते. झाडं जरूर हवीत. पण एका रांगेने आवाज जवळजवळ अडत नाही, मैदान डोळ्याआड होतं इतकंच. भिंतीने अडतो, तोही भिंत एवढी उंच असेल की तुमच्या खिडकीतून खेळणारी मुलं दिसणार नाहीत. वरच्या मजल्यावरच्यांना कुंपणाच्या भिंतीचा फारसा उपयोग नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत शाळेच्या मैदानासाठी ५५ डेसिबल आणि वर्गाच्या आत ३५ डेसिबल अशी पातळी सुचवली आहे. पण मुलांच्या आवाजाकडे कायदा नेहमी यंत्राच्या आवाजासारखं पाहत नाही. जर्मनीने २०११ मध्ये कायदा बदलून म्हटलं की पाळणाघरं आणि मुलांच्या क्रीडांगणांवरचा आवाज हा सर्वसाधारणपणे घातक प्रदूषण मानायचा नाही. टोकियोने २०१५ मध्ये लहान मुलांच्या आवाजाला तिथल्या ध्वनिमर्यादेतून वगळलं. दोन्ही नियम चिमुरड्यांसाठी आहेत, पण वारं कुठे वाहतंय ते कळतं. मधल्या सुट्टीच्या गलक्याविरुद्ध लढायला जाऊ नये असं मला वाटतं. तो दिवसातून थोडा वेळ असतो आणि सुट्टीच्या दिवशी नसतो.

लढायचं ते संध्याकाळसाठी. शाळेचं मैदान, सभागृह, तरणतलाव बाहेरच्यांना भाड्याने देणार का? रात्री किती वाजेपर्यंत? प्रकाशझोत कुठल्या दिशेने? ध्वनिक्षेपक वर्षातून किती दिवस? या उत्पन्नावर शाळेचा डोळा असतो, त्यात गैर काही नाही, आणि परिसरालाही मैदान हवंच असतं. पण प्रस्तावाच्या कागदात 'सामाजिक उपयोग' एवढेच दोन शब्द असतील तर रात्री अकराचा सामनाही त्यात बसतो. वेळ आकड्यात लिहून घ्यावी.

ही जागा आधी कशाची होती?

हा प्रश्न शेजाऱ्यांच्या त्रासाचा नाही, मुलांच्या जिवाचा आहे, आणि त्याचं उत्तर कार्यालयापेक्षा जुन्या रहिवाशांकडे लवकर मिळतं. न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स इथे लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खोदलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने त्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन एका डॉलरला शिक्षण मंडळाला दिली. खाली रसायनं आहेत, असा इशारा खरेदीखतातच होता. तरी तिथे शाळा बांधली गेली, १९५५ मध्ये ती उघडली, आजूबाजूला घरं झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून शाळा बंद करावी लागली आणि कुटुंबं हलवावी लागली.

इतकं भयंकर दर ठिकाणी नसतं. पण शाळेला मिळणारी जागा कधी कधी दुसऱ्या कुणाला नको असलेली असते: जुना कारखाना, भराव टाकलेली खाण, महामार्गाची कड. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये मोठ्या महामार्गापासून ५०० फुटांच्या आत नवीन शाळा बांधण्यावर कायद्याने निर्बंध आणले, कारण तिथली हवा. तेव्हा माती तपासणीचा अहवाल मागायचा, आणि नमुने किती खोलीवरून, किती ठिकाणांहून घेतले तेही पाहायचं.

पाण्याचं थोडक्यात. एक हेक्टर जमीन छपराखाली आणि फरसबंदीखाली गेली आणि तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तासाभरात ५०० घनमीटर, म्हणजे पाच लाख लिटर पाणी पडतं आणि त्यातलं बहुतेक वाहून जातं. पूर्वी गवत असताना त्यातलं बरंच मुरायचं. उताराच्या खालच्या बाजूला राहणाऱ्यांनी एकच विचारावं: हे पाणी साठवून हळूहळू सोडायची टाकी किती मोठी आहे?

घराची किंमत, रिकामे वर्ग आणि न बोललेली भीती

शाळेमुळे घराचे भाव पडतील, असं छातीठोकपणे सांगणारा प्रत्येक सभेत एकजण असतोच. पुरावा बराचसा उलट आहे. अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या उपनगरांतली घरं तपासली. शाळांच्या हद्दीच्या रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची घरं त्यांनी ताडून पाहिली, म्हणजे वस्ती तीच, फक्त शाळा वेगळी. शाळेतल्या मुलांचे परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर लोक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजायला तयार होते. अर्थात हा भाव शाळेच्या हद्दीतल्या घरांचा आहे, गेटसमोरच्या घराचा नाही. दारातून गाडी काढता येत नसेल तर त्या एका घराची गोष्ट वेगळी असू शकते. पण हा मुद्दा पुढे रेटण्यात तसाही अर्थ नाही. इंग्लंडमध्ये परवानगी देताना घराच्या किमतीवरचा परिणाम विचारात घेतच नाहीत. त्यावर खर्च केलेला वेळ गेटावर खर्च करावा.

शाळेची गरज आहे का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. इथे माध्यमिकचं एक बरं आहे. पाच-सहा वर्षांनी जी मुलं माध्यमिकला येणार ती आज जन्मलेलीच नव्हेत तर प्राथमिक शाळेत बसलेली आहेत. त्यांना मोजता येतं. स्थलांतराचा अंदाज सोडला तर या मुदतीच्या आकड्यात फार मोठी चूक व्हायला जागा नसते. त्यापुढच्या वर्षांसाठी मात्र जन्मदर पाहावा लागतो. जपानमध्ये मुलंच घटल्याने दरवर्षी शेकडो सरकारी शाळा बंद होत आल्या आहेत. जवळच्या जुन्या शाळेत वर्ग रिकामे असतील तर नवीन शाळा तिची मुलं ओढते, शिक्षक कमी होतात, विषय बंद पडतात, आणि तिथून कुठेच जाऊ न शकणारी मुलं मागे उरतात. परिसरातल्या सगळ्या शाळांची पटसंख्या एकत्र मांडल्याशिवाय नव्या शाळेची गरज सिद्ध होत नाही.

आणि एक हरकत अशी आहे जी अर्जात कधीच लिहिली जात नाही, चहाच्या वेळी बोलली जाते. "बाहेरची पोरं येतील." कोपऱ्यावर घोळका करतील, भिंतींवर लिहितील, आमच्या मुलींकडे बघतील. सुटल्यावर तासभर रेंगाळणाऱ्या पोरांची गैरसोय खरी असू शकते आणि त्यावर उपायही आहेत: सुटल्यानंतर मैदान आणि वाचनालय तासभर उघडं ठेवणं, बस थांबा वस्तीच्या तोंडाशी न ठेवणं. पण 'बाहेरची' या शब्दामागे बऱ्याचदा 'गरिबांची' किंवा 'त्यांची' असं दडलेलं असतं. वाहतुकीच्या चांगल्या मुद्द्यांत ही हरकत मिसळली की अधिकाऱ्यांना सगळाच अर्ज बाजूला ठेवायला निमित्त मिळतं. आणि खरं सांगायचं तर या हरकतीपुरतं तरी ते योग्यच असतं.

ऐकून घेतलं, पुढे काय?

शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यात खाली लोकांची दिशाभूल, सगळ्यात वर लोकांच्या हाती कारभार. 'मतं मागवणं' ही चौथी पायरी, आणि तिला त्यांनी देखाव्याच्या गटात टाकलं होतं. कारण ऐकणाऱ्यावर ऐकलेलं पाळायचं बंधन नसतं. हे ओळखून सभेला जावं. आश्वासन देणारे बांधकाम संपेपर्यंत बदललेले असतात, परवानगीच्या कागदावर लिहिलेली अट तेवढी टिकते.

अटींमध्ये एक गोष्ट हमखास निसटते. नवीन माध्यमिक शाळा बऱ्याचदा एकदम भरत नाही. पहिल्या वर्षी एकच इयत्ता, मग ती पुढे सरकते आणि मागून नवीन येते. वर्षाला १८० मुलं आणि पाच इयत्ता असतील तर पहिल्या वर्षी १८०, पाचव्या वर्षी ९००. पहिल्या वर्षी सगळे म्हणतात, अरे, उगाच घाबरलो. वाहतुकीचा पाठपुरावा अहवालही तेव्हाच होतो, सगळं आलबेल निघतं आणि फाईल बंद होते. खरी शाळा पाचव्या वर्षी सुरू होते, तेव्हा मोजायला कुणी येत नाही.

म्हणून पुन्हा मोजणी कधी करायची हे तारखेला न बांधता पटाला बांधून घ्यावं: ३०० मुलं झाली की एकदा, ६०० ला एकदा, पूर्ण भरल्यावर एकदा. मोजणीत मर्यादेपेक्षा जास्त गाड्या निघाल्या तर काय करायचं, म्हणजे सुटण्याचे टप्पे वाढवायचे की रस्ता त्या वेळेपुरता बंद ठेवायचा, तेही त्याच अटीत लिहिलेलं हवं. मोजणीचा दिवस शाळेने एकटीने ठरवू नये. वरच्या इयत्तांना परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी असते त्या आठवड्यात मोजलं तर मोठी मुलं गायबच असतात. आणि एक मोजणी भर पावसाच्या दिवशी, दुपारी, सुटायच्या वीस मिनिटं आधीपासून घ्यावी.